मापकाकांनी सरळ केलेलं बाकडं

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात एक बाकडं होतं. होतं म्हणजे अजूनही आहे. पण ते तेच बाकडं आहे का, याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं सेक्रेटरींचीच आहेत.

मी दातांची डॉक्टर. माझा दवाखाना तळमजल्यावर, आणि पेशंटच्या खुर्चीमागची खिडकी बरोब्बर त्या बाकड्यावर उघडते. खिडकी लावून घेतली तर औषधांच्या वासाने मलाच घेरी येते, म्हणून ती उघडी असते. मी मुद्दाम कान देते असं कोणी म्हणू नये. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात माझाच हात असतो. मग माणसाने ऐकायचं तरी कोणाचं?

बाकडं लोखंडी पायांचं, वर लाकडी फळ्या. दोन्ही टोकांचे पाय ठणठणीत, पण मधला पाय गंजून कधीच गळून पडला होता. त्यामुळे फळ्या मधोमध खाली झुकून बाकड्याची पार झोळी झाली होती. कोणीही कुठेही बसलं तरी घसरत घसरत मधे यायचं. दोघं बसले तर दोघंही मधे, खांद्याला खांदा. ज्यांना दुसऱ्याचा खांदा नकोसा व्हायचा ते पुन्हा तिकडे फिरकायचे नाहीत. म्हणून त्यावर रोज संध्याकाळी दोनच माणसं बसायची, मापकाका आणि काकू.

आणि या दोघांचा एकमेकांशी अबोला होता.

मापकाका वजनमापे खात्यातून रिटायर झालेले. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. काटा मारणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही, मग तो सख्खा साडू का असेना. एका साडूला खरंच धरला होता, तो अजून यांच्याकडे येत नाही. घरातलं कॅलेंडरसुद्धा पाणसळ लावून टांगलेलं. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीतल्या बुडबुड्याची पट्टी. बुडबुडा मधे आला की वस्तू सरळ. मापकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसेल, पाणसळ असायचीच.

अबोला कशावरून? काकूंच्या माहेरी सगळे जेवायला जमले होते. काकूंची भावजय म्हणाली, "वन्सं, किती बारीक झालात हो!" काकू लाजल्या. एवढ्यात पलीकडच्या पाटावरून, म्हणजे टेबलावरून, मापकाकांनी काकूंचं वजन सांगितलं. पॉइंटसकट. वर म्हणाले, "मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय. वहिनी, तुमचा अंदाज चुकला."

टेबलावर एवढी शांतता पसरली की कोणाच्या तरी घशात घास उतरल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "यापुढे माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलू नका."

दुसरा कोणी नवरा असता तर त्याने दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी चहा कुठाय म्हणून विचारलं असतं. मापकाका पडले मापाचे पक्के. एक शब्द म्हणजे एक शब्द. त्यांनी मान हलवली आणि बोलणं थांबवलं. त्यांनी थांबवलं म्हणून काकूंना आणखी राग आला, मग त्यांनीही थांबवलं. वर्षं गेली. सुंभही जळला नाही आणि पीळही गेला नाही.

पण संध्याकाळी बाकड्यावर काय व्हायचं ते मी रोज ऐकत होते. काका एका टोकाला बसायचे, काकू दुसऱ्या टोकाला, तोंडं दोन दिशांना. मग बाकडं आपलं काम सुरू करायचं. दोघं हळूहळू घसरायचे, खांदा खांद्याला टेकायचा, आणि काकू म्हणायच्या, "सरका तिकडे."

"सरकायला जागा आहे का?"

"जागा करा. गॅस संपत आलाय."

"परवाच लावला."

"परवा नाही, त्याला महिना झाला. आणि ती पांढरी गोळी घेतलीत का?"

"कुठली पांढरी? सगळ्याच पांढऱ्या आहेत."

"अर्धी तोडायची ती."

असं लेकीच्या फोनपासून गळक्या नळापर्यंत अख्खा संसार त्या झोळीत बसून व्हायचा. अंधार पडला की दोघं उठायचे आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून पुन्हा मुके. बाकड्यावरचं बोलणं बोलण्यात धरायचं नाही, असं त्यांचं काहीतरी होतं. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. ठरवायचं म्हटलं तर बोलावं लागलं असतं.

आणि मग सेक्रेटरींना ते बाकडं दिसलं.

सेक्रेटरींना नव्याचं भारी वेड. बिल्डिंगमधलं काही जुनं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. मीटिंगमध्ये त्यांनी मोबाईल फिरवला. त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा फोटो होता. जमिनीत घट्ट बसवलेल्या, एकमेकींपासून हातभर लांब, प्रत्येकीला स्वतःचे दांडे.

"ज्याची त्याची जागा वेगळी!" सेक्रेटरी म्हणाले. "कोणी कोणाच्या अंगावर येणार नाही. ते जुनं धूड भंगारात देऊ."

मापकाका ताडकन उठले. का उठलो ते त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, कारण उठल्यावर ते थोडा वेळ नुसतेच उभे होते. मग म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. दोन फळ्या कुजल्यात आणि एक पाय गेलाय. तेवढ्यासाठी फेकता? उद्या माणसाचा गुडघा गेला तर माणूस फेकाल?"

"कोणाचा ते सांगा, मग ठरवू," मागून कोणीतरी म्हणालं.

हशा पिकला. तेवढ्यात काकूही उठल्या, आणि नवऱ्याकडे न बघता सेक्रेटरींना म्हणाल्या, "दुरुस्तच करा. पण त्यांना सांगा, करायचं तर धड करा. अर्धवट कामाची मला चीड आहे."

"त्यांना सांगा, धड म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही," मापकाका सेक्रेटरींना म्हणाले.

सेक्रेटरींची मान टेनिस बघितल्यासारखी इकडून तिकडे झाली. आपल्याला कायमची नोकरी लागली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मीही दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला. दात उपटून टाका म्हणून आलेल्या माणसाला 'थांबा, वाचतोय' म्हणण्यात माझा जन्म गेलाय. फक्त मापकाका धड म्हणजे किती धड करतील, याचा अंदाज कोणालाच नव्हता.

काम सुरू झालं. गंजलेल्या नटांना तेल पाजून झालं, हातोडीने समजावून झालं, शेवटी मापकाका त्यांच्याशी असं काही बोलले की मी पेशंटच्या कानावर हात ठेवले. बाकड्याच्या सगळ्या फळ्या सुट्या केल्या. कुजलेल्या दोन बदलल्या. बाकीच्या उलट्या केल्या, म्हणजे वर्षानुवर्षं बसून झिजलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर. ही युक्ती मला इतकी आवडली की मी क्षणभर दातांबद्दलही तसाच विचार केला. मधला पाय जाड लाकडाचा नवा घडवला. अंगणच उतरतं होतं, म्हणून टोकांच्या पायांखाली पाचरी ठोकल्या. आणि प्रत्येक फळीवर पाणसळ. बुडबुडा केसभर डावीकडे दिसला की उघड सगळं, पुन्हा बसव.

"काका, बाकडं आहे, विमान नाही," फळीचं दुसरं टोक धरून उभे असलेले सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

"विमान तिरकं उडतं. बाकडं तिरकं चालणार नाही."

शेवटी फक्त रंग द्यायचा राहिला. मापकाकांनी फळीच्या मधोमध काचेची एक गोटी ठेवली आणि हात काढून घेतला. गोटी जागची हलली नाही. वारा आला, तरी नाही. मापकाकांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

उद्घाटन सेक्रेटरींनी केलं. ज्या बाकड्याला आपण भंगारात काढत होतो त्याची फीत आपणच का कापतोय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. फीत कापून ते ऐटीत बाकड्याच्या मधोमध बसले. रंग ओला होता. त्यांच्या पँटवर पाच रेघा उमटल्या आणि बाकड्यावर त्यांच्या बसण्याचा ठसा. रंग वाळला, ठसा राहिला, आणि त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. चूक त्यांची नाही. त्या बाकड्यावर मधे बसून कोणीही चेंगरलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. पेपर घेऊन ते रोज तिथेच.

पहिल्या संध्याकाळी काका आपल्या टोकाला बसले, काकू आपल्या. दोघं घसरायची वाट बघू लागले. म्हणजे आपण वाट बघतोय हे त्यांना माहीत नव्हतं, पण मी खिडकीतून बघत होते ना. काकूंनी एकदा खांदा जरा मधल्या बाजूला कलता केला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा परत सरळ केला. काका फळीकडे बघत होते. फळी म्हणजे नुसती रेघ. मधे सेक्रेटरी बाजारभाव वाचत होते.

अंधार पडला. गॅसचं बोलणं झालं नाही, गोळीचंही नाही. दोघं उठून गेले, आणि कसं कोण जाणे, दोघांच्याही तोंडावर असं होतं की आपलं काहीतरी खाली पडलंय पण काय ते आठवत नाही.

आठवड्याभरात त्या घराची दाणादाण उडाली. एक दिवस दोघांनीही दूध आणलं. दुसऱ्या दिवशी 'ती आणेल', 'ते आणतील' म्हणून कोणीच नाही. एकदा चावी दुसऱ्याकडे आहे असं समजून दोघांनी दार ओढून घेतलं आणि मग दोघं जिन्यात दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसून राहिले. मी विचारलं, "काय हो काकू, इथे का बसलात?" तर म्हणाल्या, "हवा खाते." काकांना विचारलं, तर म्हणाले, "पायरी तपासतोय." कुलूपवाल्याला सेक्रेटरींनी बोलावलं.

कारण आता सगळंच सेक्रेटरींकडे आलं होतं. मधे बसला तो मधला माणूस. "त्यांना सांगा, अर्धी गोळी रोजची आहे." "त्यांना सांगा, लेकीचा फोन माझ्याकडेही येऊ शकतो." सेक्रेटरी निरोप इकडून घ्यायचे आणि तिकडे पोचेपर्यंत, म्हणजे मान वळवेपर्यंत, त्याचा पार काला व्हायचा. गोळीच्या जागी गॅस अर्धा आणि लेक रोजची.

आणि अशातच काकूंनी तो निरोप दिला. आवाज अगदी साधा होता, म्हणून माझा हात थांबला.

"त्यांना सांगा, माळ्यावरची निळी बॅग काढून द्या. शनिवारी मी लेकीकडे चाललेय. किती दिवस राहणार ते विचारू नका."

सेक्रेटरींनी मान वळवली. "काका, काकू म्हणतायत, निळी बॅग घ्या आणि शनिवारी माळ्यावर जा. तिथे किती दिवस राहायचं ते विचारू नका."

"मी माळ्यावर राहू?" मापकाका म्हणाले.

"तसंच म्हणाल्या."

"का?"

"विचारू नका म्हणाल्या."

मापकाका इतके गोंधळले की घरी जाऊन खरंच शिडी लावून माळ्यावर चढले. तिथे निळी बॅग होतीच. ती घेऊन काही वेळ तिथे बसले. मग काकूंनी खालून दोन्ही हात वर केले, बॅग ओढून घेतली, साड्या भरायला घेतल्या, आणि तेव्हा काकांना निरोपाचा अर्थ लागला. हे सगळं त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, खिडकीबाहेर उभं राहून, हातात पाणसळ घेऊन.

"डॉक्टरबाई, ती चालली. त्या बाकड्यात काहीतरी खोट राहिलीय. दुरुस्त केल्यापासून सगळं बिनसलंय. मी तीनदा तपासलं, मला सापडत नाही."

"काका, तुमच्याकडे गॅस कधी मागवायचा ते कोण ठरवायचं?"

"आम्हीच."

"कुठे?"

"बाकड्यावर."

"म्हणजे बोलून?"

"छे, बोलून कसं? आमचा अबोला आहे. ते नुसतं..." काकांनी दोन्ही तळवे एकमेकांकडे सरकवत आणले. "ते नुसतं सरकणं व्हायचं. सरकता सरकता जे काय तोंडातून..."

ते थांबले. दोन्ही तळवे एकमेकांना चिकटले होते. त्यांनी मागे वळून बाकड्याकडे पाहिलं. मग पाणसळ फळीवर ठेवली. बुडबुडा ऐन मधे होता, एकटाच.

"म्हणजे खोट होती तेव्हा ठीक होतं," ते हळूच म्हणाले. "आणि आता ठीक आहे म्हणून खोट आहे."

"असंच काहीसं."

"म्हणजे मी आता मुद्दाम चूक करायची? मी?"

 माझ्या पेशंटने तोंड उघडं ठेवूनच जोरात होकारार्थी मान हलवली.

पण चूक करणं सोपं असतं होय? मापकाकांनी मधला पाय काढला. फळ्या ढिम्म. नवा रंग, नवे नट, सगळं कसं ताठ. मग सेक्रेटरींना वर उभं राहून उड्या मारायला सांगितलं. सेक्रेटरी आनंदाने तयार झाले, कारण निरोप्याच्या नोकरीला ते पुरते विटले होते. त्यांनी उडी मारली, बाकड्याने त्यांना परत वर उडवलं, आणि ते शेजारच्या कुंडीत जाऊन बसले.

"चांगलं काम केलं की असंच होतं," मापकाका हताश होऊन म्हणाले.

मग त्यांना ट्रंकेतल्या स्प्रिंगांची आठवण झाली. खात्यात मोडीत निघालेल्या जुन्या वजनकाट्याच्या दोन जाड स्प्रिंगा त्यांनी आठवण म्हणून ठेवल्या होत्या. फळ्यांना खालून रंधा मारून त्या पातळ केल्या. मधल्या पायाच्या जागी दोन स्प्रिंगा, एक स्वतःच्या बाजूला, एक काकूंच्या. खाली स्क्रू. ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे स्क्रू आवळला की दोन्ही बाजू सारख्याच दबणार आणि दोघं बरोब्बर मधे येणार. मुद्दाम केलेली चूक, पण मापात.

"झालं की मग!" सेक्रेटरी म्हणाले. "आवळा स्क्रू."

"माझा आवळला. तिचा कसा आवळू? वजन माहीत नाही."

"तुम्हाला? तुम्ही तर पॉइंटसकट सांगितलं होतं म्हणे."

"ते जुनं माप. जुन्या मापावर काम होत नाही."

"मग अंदाजाने..."

मापकाकांनी सेक्रेटरींकडे असं बघितलं की ते आपणहून कुंडीकडे सरकले. अंदाज हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. म्हणजे विचारायलाच हवं होतं. ज्या आकड्यापायी सगळं रामायण झालं तोच आकडा, तिलाच, तोंडाने.

शुक्रवारी काकू माझ्याकडे आल्या. दोन दात कधीचे पडलेले, लेकीकडे जाण्याआधी त्यांचं माप तेवढं देऊन ठेवायचं होतं. दातांचं माप घ्यायचं म्हणजे एका साच्यात गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबून धरतात. लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं तर अजिबातच नाही. मी साचा बसवला, काकूंनी डोळे मिटले, आणि दारात मापकाका. हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस, मुठीत पाना.

"अगं," ते म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले आणि आधी माझ्याकडे पाहिलं. अगं म्हणण्याइतकी माझी नि काकांची ओळख नाही, हे लक्षात आल्यावर त्यांचे डोळे आणखी मोठे झाले.

"बाकड्याचं काम आहे," काका म्हणाले. "दुसरं काही नाही. म्हणजे आहे. पण आधी बाकड्याचं."

"अं अं," काकू म्हणाल्या.

"बोलू नका काकू, माप बिघडेल," मी म्हणाले.

"ऐक ना. मी ते फार सरळ केलं. मला वाटलं धड होतंय. मधे बसायला जागा झाली आणि तिथे तो येऊन बसला. आता मी स्प्रिंगा लावल्यात. एक तुझी, एक माझी, म्हणजे दोघं बरोब्बर मधे येऊ. पण तुझ्या स्प्रिंगेला..." त्यांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुझं वजन किती?"

 काकूंचे कान लाल झाले, मग गाल, मग कपाळ. मला वाटलं, आता साचा माझ्या अंगावर येतो.

"अं अं अं अं!"

"कोणाला सांगणार नाही," काका घाईने म्हणाले. "पॉइंट तर मुळीच नको. त्या दिवशी पण मी... तुझी वहिनी चुकीचा आकडा धरून चालली होती गं. मला वाटलं, तुझ्याबद्दल कोणी चुकीचं का बोलावं."

 हे उत्तर काकूंनी इतकी वर्षं ऐकलं नव्हतं, कारण देणाऱ्याला बंदी होती. ते ऐकून रागवावं की काय करावं हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना.

मग त्यांनी उजवा हात वर केला. पाच बोटं दाखवली. नंतर मूठ वळली. पाच आणि शून्य.

"पन्नास?" काका म्हणाले.

काकूंनी मान डोलावली. ठाम.

आता, काकू बसल्यावर माझी खुर्ची वर घ्यायची म्हणजे मोटर काय कण्हते ते मला ठाऊक आहे. पन्नास हा आकडा त्यांच्या लग्नातला असेल, किंवा शाळेतला. आणि समोर कोण उभं, तर नुसतं पोतं बघून 'दोन शेर कमी आहे' सांगणारा माणूस. मापकाकांनी काकूंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याकडे पाहायला लागले. काकूंची मूठ अजून हवेतच होती.

काकांनी पाना पुन्हा उजव्या हातात घेतला.

"बरं," ते म्हणाले. "पन्नास."

आणि स्क्रू आवळायला गेले.

त्या संध्याकाळी मी शेवटचा पेशंट लवकर आटपला. निळी बॅग वरच्या मजल्याच्या दारात तयार उभी होती, मी बघून आले होते. बाकड्यावर सेक्रेटरी आपल्या ठशावर आधीच बसलेले, पेपर उघडून. काका येऊन एका टोकाला बसले, काकू दुसऱ्या टोकाला. बाकड्यातून कुर्र असा आवाज आला.

आधी सेक्रेटरींचा पेपर मिटला. मग खांदे मिटले. दोन्हीकडून संसार अंगावर येतोय म्हटल्यावर त्यांनी हात वर केले आणि लिंबाच्या बीसारखे पुढच्या पुढे सटकून गवतावर उतरले. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. कोणाचं लक्षच नव्हतं.

दोघं घसरत होते, पण दोघं सारखे नाही. पन्नासाच्या हिशेबाने ढिली ठेवलेली काकूंची स्प्रिंग काकू बसताच तळाला गेली होती. काकू आपल्या जागी जवळजवळ स्थिरच, आणि काका आपले निघालेत, मधला ठसा ओलांडून, पलीकडच्या फळीवरून, थेट त्यांच्या खांद्यावर.

"अहो, सरका की तिकडे," काकू म्हणाल्या.

"सरकतोय कुठे? इकडेच येतंय सगळं."

"असं कसं येतंय? मधे यायला हवं ना? तुम्हीच म्हणालात, बरोब्बर मधे."

"म्हणालो होतो."

"मग? माप चुकलं वाटतं?"

काकांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला, पाणसळेवर टेकला आणि तसाच खाली आला.

"चुकलं," ते म्हणाले.

"कोणाचं?"

मी खिडकीत श्वास रोखून उभी होते. गवतावर सेक्रेटरीही.

"माझं," मापकाका म्हणाले.

 काकूंनी पदर सावरून थोडी जागा केली. जागा नव्हतीच, पण केली.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "पुन्हा उघडत बसू नका. आणि ती पांढरी गोळी?"

"कुठली पांढरी?"

"अर्धी तोडायची ती हो!"

गवतावरून सेक्रेटरींनी बोट वर केलं. "काकू, मग उद्या शनिवारी ते बॅगेचं... त्यांना काय सांगू?"

दोघांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मधे बोलू नका," काकू म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले, "मधे नकाच येऊ."

सेक्रेटरी उठले, पँट झटकली, आणि माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारू लागले, "डॉक्टरबाई, मला एक सांगा. हे आता दुरुस्त झालं म्हणायचं की बिघडलं म्हणायचं? मीटिंगमध्ये काय सांगू?"

मी म्हटलं, "आ करा." दुसरं काय सांगणार?